आधी घरात आकडा बोला

फायनल इयरची प्रॅक्टिकल्स संपत आली की माझ्याकडे मुलं यायला लागतात. मी रत्नागिरीत एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आणि परदेशी शिकायला जायचंय म्हणणाऱ्या मुलामुलींशी बोलायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कुणी नेमून दिलेलं नाही, एकाला मदत केली, त्याच्या मागून त्याची बहीण आली, मग तिची मैत्रीण, असं होत गेलं. मुलं विचारतात, मॅडम जर्मनी बरं की यूके, आयईएल्ट्सच्या इंग्लिश परीक्षेला किती बँड (गुण) लागतात, एसओपी (स्वतःबद्दलचं निवेदन) तपासाल का. मी उलट विचारते की घरून किती पैसे उभे राहू शकतात. त्यावर बहुतेक जण गप्प होतात, कारण त्यांना खरंच माहीत नसतं.

वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, ऑरगॅनिकची मेकॅनिझम्स फळ्यावर धडाधड काढणारा, पण बाबांना हापूसच्या कलमांचे वर्षाला किती येतात, घरावर काही कर्ज आहे का, आईच्या नावावर एखादी एफडी आहे का, यातलं काही म्हणजे काही त्याला ठाऊक नाही. आपल्याकडे पैशाचं मुलांसमोर बोलत नाहीत. "तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो" असं आईबाबा अगदी मनापासून म्हणतात, आणि त्या जोरावर आपली मुलं शिकलीत हे मी रोज बघते. कोकणचं वेगळं विभागीय मंडळ झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो, तो काय उगाच नाही. पण २५-३० लाखांच्या निर्णयाला "आम्ही बघतो" पुरत नाही. तिथे मुलगा आणि आईबाबा एका टेबलावर बसून एकच कागद बघतायत असं व्हावंच लागतं, आणि माझा सगळा सल्ला शेवटी ह्या एका गोष्टीपाशी येतो.

बाहेर जाणं आपल्याला नवीन नाही हो. मुंबईला गेलेल्यांच्या मनीऑर्डरींवर इथली घरं उभी राहिली, बोटीवर जाणारे गेले, मस्कत-दुबई-कुवेतला जाणारे गेले. आणि शिकायला जाणारेसुद्धा गेले. दापोली तालुक्यात आंजर्ल्याजवळ मुर्डी नावाचं छोटं गाव आहे, तिथले रघुनाथ परांजपे सरकारी स्कॉलरशिपवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. ते १९१३ साली कोलंबियाला गेले तेव्हा बडोदा संस्थानची स्कॉलरशिप होती दरमहा ११.५० पौंड, मुदत तीन वर्षं. मुलांना बाबासाहेबांच्या पदव्या पाठ असतात, मी त्यांना पदव्यांच्या मधली वर्षं सांगते. १९१६ ला ते लंडनला गेले, १९१७ ला स्कॉलरशिपची वाढवून मिळालेली मुदतही संपली आणि अभ्यास अर्धा ठेवून परत यावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, तेव्हा १९२० ला परत लंडन गाठलं आणि १९२३ ला डी.एस्सी. घेतली. एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा पैसा कुठून येणार, किती महिने पुरणार, कमी पडला तर कुणाकडे मागायचा ह्याचा हिशोब मांडावा लागला. आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काहीच नव्हतं. हे ऐकलं की मुलं घरी जाऊन विचारायला तयार होतात असा माझा अनुभव आहे.

घरी विचारलं तरी उत्तर सोपं नसतं. बागायतदाराला विचारा, वर्षाला किती सुटतात? तो सांगूच शकत नाही. मोहोर किती येतो, थंडी टिकते का, फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी येतो का, थ्रिप्सची कीड किती, फवारण्या किती झाल्या, वाशीच्या बाजारात पेटी काय भावाने गेली, आणि सगळ्यात शेवटी दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, हातात येते तेव्हा जून उजाडलेला असतो. आणि सप्टेंबरच्या प्रवेशाचं डिपॉझिट भरायच्या तारखा बहुतेक वेळा एप्रिल, मे, जूनमध्ये. म्हणजे घरातला सगळा पैसा झाडावर असतो नेमका तेव्हा युनिव्हर्सिटी पैसे मागते. मच्छीमारांच्या घरी ह्याच्या उलट, पावसाळी बंदी लागली की होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, उत्पन्न शून्य, आणि त्याच महिन्यांत व्हिसासाठी बँकेत पैसे दाखवायचे. यूकेचा नियम आहे, स्वतःचे किंवा आईबाबांचे पैसे दाखवत असाल तर ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात पाहिजे, मधे एक दिवससुद्धा कमी झालेली चालत नाही. काकांनी चार दिवसांसाठी टाकले आणि मग परत घेतले असं जमत नाही. नोकरदारांच्या घरात हा प्रश्न तितका येत नाही, म्हणून पुण्या-मुंबईत बनलेल्या चेकलिस्टमध्ये तो नसतोही. पण आपल्याकडे तो पहिला प्रश्न आहे. म्हणून मी सांगते, आंब्याचे आणि मासळीचे पैसे आदल्या वर्षीच्या हंगामातले धरा, चालू वर्षीचे धरू नका.

मग कर्ज. आपल्याकडचा माणूस कर्जाला भितो, आणि ही भीती मला चांगलीच वाटते, तिने कितीतरी घरं वाचवलीयत. पण भितो म्हणून तो माहितीही काढत नाही. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत ७.५ लाखांच्या वर गेलात की सहसा तारण मागतात. परदेशाचा खर्च ७.५ लाखांत क्वचितच बसतो. तारण म्हटलं की घरातले म्हणतात, आपली कलमांची जमीन आहे ना, बाजारभावाने बघितली तर कोटीच्या घरात जाईल. पण शेतजमीन बँका या कर्जाला सहसा घेत नाहीत, कारण वसुलीसाठी बँका ज्या २००२ च्या सरफेसी कायद्यावर अवलंबून असतात तो शेतजमिनीला लागूच होत नाही. बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, एफडी, हे चालतं. घर चालतं, पण कागद स्वच्छ पाहिजेत, आणि कोकणात कागद स्वच्छ असलेलं घर शोधावं लागतं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच आहे, ते जाऊन पंचवीस वर्षं झाली, वारस नोंद झालेली नाही, पुढे चार भाऊ दोन बहिणी, त्यातले दोघे डोंबिवलीला, एक बडोद्याला, एक आत्या वारली तिची मुलं कुठे आहेत ते धड कुणाला माहीत नाही. घरात राहतं एकजण, हक्क वीस जणांचा. बँकेचा वकील मालकीच्या जुन्या नोंदी तपासून सर्च रिपोर्ट करतो तेव्हा हे सगळं वर येतं, आणि तेव्हा हातात असतात सहा आठवडे. पंचवीस वर्षांचा गुंता सहा आठवड्यांत सुटत नाही.

एकदा देवगडकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते, मुलीला आयर्लंडचं ऑफर लेटर आलेलं. मी सगळं विचारत गेले, ते ऐकत होते, शेवटी म्हणाले, "बाई, आमकां ह्यातला काय कळणा नाय, तुमी सांगशात तसा करूया." ह्या विश्वासाचं मला फार ओझं वाटतं. कारण जमीन त्यांची, मुलगी त्यांची, हप्ते तेच भरणार. त्यांना कळलंच पाहिजे. मग आम्ही तिघं बसलो आणि कागदावर हिशोब मांडला, आणि त्या माणसाला सगळं व्यवस्थित कळत होतं, मजुरी, खतं, पेट्यांचे हिशोब आयुष्यभर ठेवलेला माणूस तो, फक्त त्याच्यासमोर आजवर कुणी आकडे मांडलेच नव्हते.

तो हिशोब असा असतो. समजा ३० लाख कर्ज, व्याज १०.५ टक्के, दहा वर्षांत फेडायचं. साधा हप्ता निघतो साधारण ४०,५०० रुपये. पण कोर्स चालू असताना आणि नंतरचे काही महिने हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतं. एक वर्षाचा कोर्स आणि पुढे सहा महिने धरले, सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं, तर दीड वर्षात पावणेपाच लाखांच्या आसपास व्याज मुद्दलात जमा होतं आणि हप्ता जातो ४७,००० च्या जवळ. आता हा हप्ता तिकडे बरी नोकरी लागली तर जड नाही. पण नोकरी नाही लागली, व्हिसा संपला, परत यावं लागलं, तर? आपल्याकडे लोटे-परशुरामला केमिकल कंपनीत नवीन लागलेल्या बीएस्सीच्या मुलाचा पगार ह्या हप्त्याच्या निम्माही नसतो. म्हणून मी दोन रकाने करायला लावते, एक नोकरी लागली तर, एक परत आलो तर. दुसऱ्या रकान्याकडे बघूनही आईबाबा आणि मूल म्हणतात की जमवू, ताई नोकरीला आहे, प्लॉट विकता येईल, तेव्हाच पुढे जायचं. त्या दुसऱ्या रकान्याला उत्तर नसेल तर मी स्पष्ट सांगते की आत्ता नको. मुलं नाराज होतात, काही दुसरीकडे जाऊन विचारतात, तरी मी तेच सांगते.

दुसरीकडे म्हणजे एजंटकडे. सगळे एजंट फसवे असतात असं मी म्हणणार नाही, कागदपत्रं वेळेत लावून देणारे, व्हिसाच्या मुलाखतीची नीट तयारी करून घेणारे चांगले लोक मी बघितलेत. पण त्यांचा धंदा कसा चालतो ते मुलांना माहीत पाहिजे. सल्ला फुकट असतो कारण पैसे युनिव्हर्सिटी देते, तुमचा प्रवेश झाला की फीच्या काही टक्के कमिशन. मग ज्या युनिव्हर्सिट्या कमिशन देतात त्यांचीच नावं यादीत वर येणार हे साहजिक आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये ट्यूशन फी नाही, म्हणजे टक्के काढायला काही नाहीच, त्यामुळे जर्मनी विचारलं की बऱ्याचदा तिथल्या खाजगी युनिव्हर्सिटीचं ब्रोशर हातात मिळतं. म्हणून एजंटला सरळ विचारा की ह्या यादीतल्या कुठल्या युनिव्हर्सिट्यांकडून तुम्हाला पैसे मिळतात. प्रामाणिक माणूस सांगतो. आणि अर्जाचा लॉगिन, ईमेल, पासवर्ड स्वतःकडे ठेवा, हे तर मी हात जोडून सांगते. २०२३ साली कॅनडात पंजाबची कितीतरी मुलं अडकली, त्यांची प्रवेशपत्रं खोटी निघाली, आणि त्यातल्या अनेकांना आपलं पत्र खोटं आहे हे तिथे राहून, शिकून वर्षं झाल्यावर कळलं.

नियमही सारखे बदलतात, त्यामुळे आतेभाऊ तीन वर्षांपूर्वी गेला त्याने सांगितलं, ह्याच्यावर जाऊ नका. नॉर्वेत सरकारी शिक्षण सगळ्यांना फुकट होतं, २०२३ पासून युरोपबाहेरच्या मुलांना फी लागली. कॅनडाची लवकर व्हिसा देणारी एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. यूकेत मास्टर्सनंतर दोन वर्षं थांबता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून त्यासाठी अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच मिळणार. जर्मनीला फी नाही हे खरं, पण तिथेही बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि सगळीकडेच राहण्याखाण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, म्हणजे आपले बारा लाखांच्या घरात. ते पैसे तुमचेच, दर महिन्याला ९९२ युरो परत मिळतात, पण जायच्या आधी ते आणायचे आहेत. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला) लागतं, त्याला वेळ जातो. हे सगळं तुम्ही वाचत असाल तेव्हा पुन्हा बदललेलं असू शकतं, तेव्हा त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर स्वतः बघा, मी सांगितलं म्हणूनही विश्वास ठेवू नका.

तीन वर्षांच्या डिग्रीचं एक सांगायला हवं, कारण आमची बहुतेक मुलं बीएस्सी, बीकॉम, बीएची. इंजिनिअरिंगच्या मुलांना हा प्रश्न येत नाही. यूकेत तीन वर्षांवर मास्टर्सला घेतात. अमेरिकेत कितीतरी युनिव्हर्सिट्या चार वर्षांची डिग्री मागतात, काही तीन वर्षांवर घेतात. जर्मनीत प्रत्येक कोर्सचं वेगळं, तुम्ही कुठले विषय किती शिकलात तेही मोजतात. आता नवीन शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष ऑनर्सचं आहे, ते घ्यायचं का, हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवून उपयोग नाही. आणि ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचे अधिकृत उतारे, मुंबई विद्यापीठातून काढायच्या असतात, इथून त्या कामासाठी खेपा पडतात, सुट्टीत मुंबईला मामाकडे जाणार असाल तर तेव्हाच हे काम उरका. एटीकेटी लागली असेल तर लपवू नका, सगळ्या मार्कशीट्स मागतात. एखादा विषय राहिला, मग काढला, ह्याने दार बंद होत नाही.

स्कॉलरशिपबद्दल मी थोडी चिडूनच बोलते, कारण जिच्यावर आमच्या मुलांचा हक्क आहे तिच्यापर्यंत ती पोचतच नाहीत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे अनुसूचित जातीच्या मुलांसाठी. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, १२५ जागांची, त्यात अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांची मुलं येतात. भूमिहीन शेतमजूर आणि कारागीर येतात हे किती घरांना माहीत आहे? ओबीसी, मराठा, आदिवासी मुलांसाठी राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. अटी, उत्पन्नाची मर्यादा, युनिव्हर्सिटीचं रँकिंग हे बदलत राहतं, त्या वर्षीची जाहिरात वाचायची. पण जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर हे बदलत नाही, हे आधी काढून ठेवता येतं, आणि नेमकं ह्याच्यातच मुलं अडकतात. ऑफर लेटर हातात आणि जात पडताळणी अजून समितीकडेच अडकलेली, असं मी पुन्हा पुन्हा बघितलंय. ब्रिटनची चेवनिंग हवी असेल तर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे आत्ता नोकरी धरलीत तर ती वाया जात नाहीये. युरोपची इरास्मस मुंडस सगळ्यांसाठी खुली आहे, बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत, आणि आमची मुलं माझ्याकडे येतात फेब्रुवारीत!

आता पैशाइतकंच अवघड जे वाटतं मुलांना, ते म्हणजे स्वतःबद्दल लिहिणं. एसओपी म्हणजे मी कोण, काय केलं, हाच कोर्स का, हे दोन पानांत सांगायचं. आमच्या मुलांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की स्वतःचं सांगत बसू नये. मग ती नेटवरून, नाहीतर आता एआयकडून पानं आणतात, त्यात लिहिलेलं असतं की लहानपणापासून मला विज्ञानाची अतोनात ओढ होती. असं पान वाचून निवड समितीला ह्या मुलाचं काहीच दिसत नाही.

एक मुलगा आला होता, फूड टेक्नॉलॉजीला जायचं म्हणाला. का, तर स्कोप आहे. मी म्हटलं घरी काय करतात, तर म्हणाला बाग आहे, पावसजवळ. मग जरा बोलता बोलता साक्याचा विषय निघाला. हापूसचा हा जुना रोग, आंबा बाहेरून देखणा, वास मस्त, आणि कापला की आत गर पांढरट, स्पंजासारखा झालेला. बाहेरून ओळखू येत नाही हीच तर अडचण आहे. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना जात काढली, तिच्यात साका नाही, पण बाजार मागतो हापूसच. हा मुलगा सांगायला लागला की त्याचे बाबा पेटी भरताना कुठली फळं बाजूला काढतात, उशिरा उतरलेल्या फळात जास्त निघतो असं त्यांना का वाटतं, जमिनीच्या धगीचा संबंध आहे का, आणि त्याने स्वतः एका हंगामात फळं पाण्यात टाकून, कोणतं बुडतं कोणतं तरंगतं ते बघून, मग कापून वहीत टिपलं होतं. वही होती त्याच्याकडे! कुणाला दाखवलीच नव्हती, कारण त्याच्या लेखी तो अभ्यास नव्हता, घरचं काम होतं. मी म्हटलं हेच लिही. फळ न कापता आतला दोष कसा ओळखायचा ह्यावर जगात लोक काम करतायत, इन्फ्रारेडने, एक्स-रेने, आणि तुझ्याकडे तो प्रश्न घरातून आलाय. त्याने ते साध्या इंग्लिशमध्ये लिहिलं, मी फक्त व्याकरण बघितलं. मग कोर्स शोधणंही सोपं झालं, कारण आता देश शोधायचा नव्हता, फळांच्या काढणीनंतरच्या विषयावर काम करणारे प्राध्यापक शोधायचे होते.

अशा वह्या आपल्याकडे घरोघरी असतील असं मला मनापासून वाटतं. मिरकरवाड्याच्या बंदरात जाळ्यात काय काय येतं ते लहानपणापासून बघणारी मुलगी मरीन बायोलॉजीला जाते तेव्हा तिने डॉल्फिनबद्दल कशाला लिहायचं? सड्यावरच्या कातळशिल्पांवरून शाळेला जाणारी मुलं आहेत आपल्याकडे, आणि ती कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती, शिफारसपत्र मुलांना स्वतः लिहून आणायला सांगू नका. वेळ नसतो हे मला कळतं, पेपर तपासायचे असतात, नॅकच्या मूल्यांकनाचं काम असतं. पण "विद्यार्थी आज्ञाधारक आणि कष्टाळू आहे" ह्या पत्राने त्याचं नुकसान होतं. त्याने प्रॅक्टिकलला काय वेगळं केलं, कुठला प्रश्न विचारला, चार ओळी खऱ्या लिहा. आपल्या मुलांसाठी बोलणारं तिकडे दुसरं कुणी नसतं.

इंग्लिशची भीती मात्र वाटते तेवढी मोठी नाही. मराठी माध्यमाची मुलं आयईएल्ट्सला रीडिंग, लिसनिंग चांगलं करतात, स्पीकिंगला अडतात, आणि ती परीक्षा असते जेमतेम ११ ते १४ मिनिटांची. दोघं मित्र मिळून रोज संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर चालता चालता इंग्लिश बोलले तरी चार महिन्यांत फरक पडतो. लाज वाटते सुरुवातीला, मग जाते. निकाल दोन वर्षं चालतो, फार आधीही देऊ नका.

ज्यांना मी आत्ता नको म्हणते त्यांच्यासाठी रस्ता बंद होतो असं नाही, आणि हे मला फार ठासून सांगायचंय. एमएस्सी इथे करा. गोव्यात दोनापावलाला एनआयओ आहे, समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था, आपल्यापासून एका दिवसात पोचता येण्याजोगी. मुंबईत वर्सोव्याला सीआयएफई आहे मत्स्यशिक्षणाची, माटुंग्याला आयसीटी, रसायन तंत्रज्ञानाची. तिथे डिझर्टेशन करा, एखादा पेपर येऊ दे, नेट-गेटच्या परीक्षा द्या, आणि मग पीएचडीला बाहेर जा. विज्ञानात पीएचडी ही जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे अशा देशांत बहुतेक वेळा पगारी नोकरी असते, तुम्ही फी देत नाही, तेच तुम्हाला पैसे देतात. आमची एक मुलगी अशीच गेली, वडील रिक्षा चालवतात, घरावर एक रुपयाचं कर्ज नाही. वेळ जास्त लागला, तिच्यासोबतचे मास्टर्सला जाऊन परतसुद्धा आले होते, तिला मधे खूप वाटायचं की आपण मागे पडलो. तिच्या आईला लोक विचारायचे, अजून शिकतेच आहे का, लग्नाचं काय. आई एकच म्हणायची, तिचं ती बघेल. त्या बाईबद्दल मला फार आदर आहे.

मुलींच्या बाबतीत घरचे विचारतात की एकटी कशी राहील. मी म्हणते मुंबईला हॉस्टेलवर राहिलीय ना चार महिने, इंटर्नशिपला? नसेल राहिली तर आधी ते करू द्या. आणि मुलांच्या बाबतीतही विचारा, की ह्याला भात लावता येतो का, आजारी पडला तर स्वतःहून डॉक्टरकडे जातो का, उदास वाटलं तर कुणाला फोन करतो. तिकडे नोव्हेंबरमध्ये साडेतीन-चारला काळोख व्हायला लागतो, शिकताना काम करायला तासांची मर्यादा असते, यूकेत टर्म चालू असताना आठवड्याला २०, आणि त्या कमाईवर फी निघत नाही, फार तर खाण्यापिण्याचं निघतं. गेलेल्या मुलांशी बोला, पण फोटो टाकणाऱ्यांशी नाही, जो फेब्रुवारीत तिथे दुसरा हिवाळा काढतोय त्याच्याशी बोला.

आणि आता माझं एक ठरलेलं सांगणं. दुसऱ्या वर्षाला असाल तेव्हाच घरच्यांसोबत बोलायला बसा, आणि बसायचा दिवस म्हणजे गणपती. मुंबईचे काका, बडोद्याचे काका, आत्या, सगळे तेव्हा एका घरात असतात, सातबाऱ्याचे सगळे वारस एकाच ओटीवर जेवायला बसलेले असतात, वर्षात पुन्हा हा योग येत नाही. आरती झाली, जेवणं झाली की मोठ्या काकांना सांगा की मला शिकायला जायचंय आणि मला घराचे कागद बघायचेत. वारस नोंद करायची असेल तर कुणाचे कुठले दाखले लागतील ते तेव्हाच लिहून घ्या. मागच्या भांडणांचा विषय निघेल, निघू दे, तुम्ही आवाज चढवू नका. आईला तिच्या एफडीबद्दल वेगळं विचारा, चारचौघांत नको. बाबांना तीन वर्षांच्या पट्ट्या काढायला सांगा, आणि त्यांच्यासोबत बसून स्वतः बेरीज करा.

गौरी-गणपती विसर्जनानंतर कॉलेज उघडलं की मी दुपारी दोननंतर लॅबमध्ये असते. मार्कशीट नाही आणलीत तरी चालेल, ती बेरीज केलेला कागद आणा, आणि जमलं तर आईबाबांपैकी कुणालातरी सोबत घेऊन या.